एकाच जहाजावर लागोपाठ दोन क्रूझ घेतल्यात, मधल्या दिवशी नक्की काय काय होतं?

राजारामपुरी_११वी_गल्ली
नमस्कार मंडळी. कोल्हापुरातून कुणी एकाच जहाजावर लागोपाठ दोन क्रूझ केल्यात का, बॅक टू बॅक म्हणतात ते? आम्ही तिघं जातोय, मी, मिस्टर आणि सासूबाई, वय ७८. आधी सिंगापूरहून सुटणारी ३ रात्रींची घेतली होती, मग मिस्टर म्हणाले अगं महालक्ष्मीनं रात्रभर मुंबईला जायचं, तिथून साडेपाच तास विमानात बसायचं आणि ३ रात्रीत परत फिरायचं ह्याला काय अर्थ आहे, म्हणून त्याच जहाजाची लगेच पुढची ४ रात्रींची पण घेतली. आता आमच्याकडे दोन वेगळे बुकिंग नंबर आहेत आणि खोल्या पण वेगळ्या आल्यात, पहिल्या वेळी ८ वा मजला आणि दुसऱ्या वेळी १० वा.
माझा सगळा जीव त्या मधल्या दिवसात अडकलाय. जहाज सकाळी सिंगापूरला लागणार आणि संध्याकाळी परत सुटणार, मग मधे आम्ही कुठं असणार? सामान सगळं आवरून खाली न्यायचं का? सासूबाईंना गुडघ्यामुळं लांब चालवत नाही, त्यांना तासन् तास रांगेत उभं करायचं म्हणजे अवघड आहे. आणि त्यांचं इन्सुलिन खोलीतल्या फ्रिजमधे असणार, खोली बदलली की ते कुठं जाणार? एजंटला विचारलं तर म्हणतोय काय टेन्शन घेऊ नका मॅडम, जहाजावर सगळं सांगतात. पण सांगेपर्यंत माझी झोप उडणार, म्हणून इथं विचारतेय. कुणी केलं असेल तर अगदी बारीकसारीक सांगा.

शाहूपुरीची_सून
ताई आम्ही केलंय, सिंगापूरहूनच, ३ अधिक ४ असंच, फक्त आमची खोली दोन्ही वेळेला एकच होती. सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते कारण ती आमच्याकडून चुकली. पहिल्या ट्रिपच्या शेवटच्या रात्री सगळे लोक आपल्या बॅगांना रंगीत पट्ट्या लावून खोलीच्या दाराबाहेर ठेवतात, रात्री जहाजाची माणसं त्या गोळा करून नेतात आणि सकाळी बॅगा थेट टर्मिनलच्या हॉलमधे मिळतात. तुम्ही ती बॅग बाहेर ठेवायची नाही! आमचे हे बाहेर आले, सगळ्यांच्या दाराशी बॅगा बघितल्या आणि आमची मोठी निळी बॅग पण नेऊन ठेवली, मी आत अंघोळीला होते. सकाळी बॅग गायब. त्यात माझे सगळे चांगले कपडे आणि त्यांच्या बीपीच्या गोळ्या. मग फ्रंट डेस्कला गेलो, त्यांनी एक माणूस बरोबर दिला आणि खालच्या हॉलमधे दीड दोन हजार बॅगांमधून ती शोधली. हँडलला आईनं देवीचा लाल धागा बांधून दिला होता त्यावरून लांबूनच ओळखू आली. तासभर गेला त्यात, आणि तेवढा वेळ ह्यांच्या तोंडातून शब्द नाही.
बाकी आमचं असं झालं. दुसऱ्या दिवशीच खोलीत एक पत्र आलं होतं, की तुम्ही पुढच्या सफरीचे पण प्रवासी आहात, अमुक दिवशी सकाळी अमुक लाउंजमधे इतक्या वाजता जमा. आमच्यासारखे तीस चाळीस लोक होते. सगळे उतरणारे उतरून गेले की आम्हाला एकत्र खाली नेलं, इमिग्रेशन झालं, पासपोर्ट बघितले, थोडा वेळ हॉलमधे बसवलं आणि नवीन लोकांच्या आधी परत वर सोडलं. सगळं धरून पाऊण एक तास. परत सिक्युरिटीच्या मशीनमधून पर्स वगैरे जाते, तेवढं.
पत्र नाही आलं तर गप्प बसू नका, शेवटच्या रात्रीच्या आदल्या संध्याकाळीच फ्रंट डेस्कला जाऊन विचारा. शेवटच्या रात्री तिथं बिलासाठी ही गर्दी असते.
आणि सिंगापूरचं अरायव्हल कार्ड! ऑनलाइन भरतात ते. ते दर वेळी सिंगापूरमधे शिरताना नवीन लागतं. म्हणजे विमानानं जाल तेव्हा एक, पहिल्या क्रूझहून परत याल तेव्हा दुसरं, दुसऱ्या क्रूझहून याल तेव्हा तिसरं. पोहोचायचा दिवस धरून ३ दिवसाच्या आतच भरता येतं, त्यामुळं दुसरं घरून भरून जाता येत नाही, वाटेतल्या बंदरावर मोबाइलला रेंज असताना भरून टाका. सरकारी साइटवर ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइट दिसल्या की बंद करा. व्हिसाच्या कागदावर मल्टिपल लिहिलंय का आणि शेवटच्या तारखेपर्यंत चालतोय का ते आजच बघा, कारण तुम्ही सिंगापूरच्या बाहेर जाऊन दोनदा परत आत येणार आहात.

गडहिंग्लजकर
ताई, मी ११ वर्षं जहाजावर हाऊसकीपिंगला काढली, आता गावी आलोय. केबिन स्टुअर्ड म्हणजे पाहुण्यांच्या खोल्या आवरणारा म्हणून सुरुवात केली आणि नंतर सुपरवायझर. त्यामुळं मधला दिवस मला आतून माहीत आहे, आमच्यात त्याला टर्नअराउंड म्हणतात आणि क्रूमधला प्रत्येक माणूस त्या दिवसाचं नाव काढलं की पोटात गोळा आल्यासारखा बघतो. सकाळी सहाला जहाज धक्क्याला लागतं, दहापर्यंत दोन अडीच हजार लोक खाली जातात आणि बारा साडेबाराला तेवढेच नवीन वर यायला लागतात. मधल्या दोन तीन तासात सगळ्या खोल्या धुऊन पुसून चादरी बदलून तयार. एका स्टुअर्डकडं पंधरा वीस खोल्या असतात. खाली एका बाजूनं बॅगा उतरतायत, दुसऱ्या दारानं फोर्कलिफ्टवर तांदूळ, कांदे, अंडी, दुधाचे क्रेट चढतायत, कचरा उतरतोय, तेल भरतायत, काही क्रू कॉन्ट्रॅक्ट संपवून घरी निघालाय आणि नवीन पोरं बॅग घेऊन चढतायत. हे सांगायचं कारण असं की त्या दिवशी स्टुअर्डला ऐनवेळी काही सांगितलं तर तो मनापासून हो म्हणतो पण त्याच्या हातात वेळच नसतो. म्हणून जे सांगायचं ते पहिल्याच दिवशी सांगा. चढल्या चढल्या तुमचा स्टुअर्ड ओळख करून द्यायला येतो, तेव्हाच सांगा की आम्ही पुढच्या ट्रिपला पण आहोत आणि १० व्या मजल्यावर अमुक नंबरला जातोय. तो लिहून घेतो.
आता खोली बदलताना काय करायचं ते सांगतो. कपाटात हँगरवर लावलेले कपडे तसेच ठेवा, घडी घालू नका, ते आम्ही हँगरसकट चाकाच्या स्टँडवर घालून नवीन खोलीत नेऊन लावतो. ड्रॉवरमधलं, बाथरूममधलं आणि चपला तेवढ्या बॅगेत भरा, बॅगेला नवीन खोलीचा नंबर लिहिलेली पट्टी लावा आणि बॅग खोलीच्या आतच ठेवा, दाराबाहेर नाही. वरच्या ताईंचं झालं तसं दर ट्रिपला चार दोन लोकांचं होतं. तिजोरी उघडी करून ठेवा, रिकामी. पैसे, दागिने, पासपोर्ट, औषधं, मोबाइलचे चार्जर हे सगळं एका पिशवीत तुमच्या खांद्यावर. ती पिशवी कुणाच्याच हातात द्यायची नाही, माझ्यासारख्या माणसाच्या पण नाही.
फ्रिजचं मुद्दाम सांगतो कारण हे मी डोळ्यांनी बघितलंय. एक आजी होत्या, खोली बदलली, कपडे गेले, बॅगा गेल्या, सगळं गेलं आणि इन्सुलिनचा डबा जुन्या फ्रिजमधे राहिला. आमच्या पोरानं नवीन पाहुणे यायच्या आधी फ्रिज रिकामा करायचा म्हणून ते सगळं काढून टाकलं, त्याला वाटलं मागच्या पाहुण्यांचं राहिलेलं असेल. आजींना दुपारी कळलं. जहाजाच्या दवाखान्यातून सोय झाली पण त्यांच्या नेहमीच्या पेनला चालणारं नव्हतं आणि पैसे गेले ते वेगळेच. खोलीतला फ्रिज तसा पण पुरेसा थंड नसतो, तो पेयं गार ठेवायला असतो. चढल्या दिवशीच मेडिकल फ्रिज मागा, औषधासाठीचा छोटा वेगळा फ्रिज देतात, किंवा मेडिकल सेंटरमधे ठेवून घेतात. सुया टाकायचा पिवळा डबा पण मागितला की मिळतो. आणि मधल्या दिवशी सकाळी इन्सुलिन बर्फाच्या थैलीच्या डब्यात घालून सासूबाईंच्याच पर्समधे, नवीन खोलीत जाईपर्यंत.
नवीन खोली एक दीडच्या आत मिळणार नाही. तोवर डेकवर किंवा बुफेत बसायचं.

इचल_ते_टेक्सास
मी इचलकरंजीचा, पोरीकडं टेक्सासला जाऊन येऊन असतो, तिनं आम्हाला गॅलव्हेस्टनहून अशाच दोन क्रूझ लागोपाठ करून आणल्या. अमेरिकेतल्या बंदरात जरा कडक असतं. तिथं कस्टमवाल्यांना जहाजावरचे प्रवासी शून्य झालेले दाखवावे लागतात, म्हणजे एकूण एक माणूस खाली आलाच पाहिजे, त्याशिवाय नवीन एकालाही वर घेत नाहीत. एकजण केबिनमधे झोपून राहिला होता, त्याच्या नावाची चार वेळा अनाउन्समेंट झाली आणि तोपर्यंत आम्ही सगळे साठ सत्तर लोक लाउंजमधे बसून. तेव्हा वेळेच्या पाच मिनिटं आधी जाऊन बसा, आपल्यामुळं बाकीच्यांना ताटकळायला लागू नये.
दुसरं एक, तुम्हाला आता लागणार नाही पण पुढं कुणी वाचेल म्हणून. अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजानं एका अमेरिकन बंदरातून चढवून दुसऱ्या अमेरिकन बंदरात प्रवासी सोडायचे नाहीत, मधे लांबचं परदेशी बंदर असल्याशिवाय. दोन क्रूझ वेगवेगळ्या घेतल्या तरी जहाज तेच असेल तर दोन्ही मिळून एकच प्रवास धरतात. म्हणजे लॉस एंजेलिस ते व्हँकुव्हर एक आणि लगेच त्याच जहाजानं व्हँकुव्हर ते अलास्कातलं व्हिटियर दुसरी, ह्या सुट्या सुट्या चालतात पण जोडून चालत नाहीत. ऑनलाइन दोन्ही बुक होतात आणि नंतर कंपनीचा फोन येतो की एक रद्द करा. एकाच बंदरातून सुटून तिथंच परत येणाऱ्या दोन क्रूझला हा प्रश्न येत नाही, आमच्या तशाच होत्या.
जेवणाचं सांगतो, पहिल्या ट्रिपला जो मेनू पहिल्या रात्री तोच दुसऱ्या ट्रिपला पहिल्या रात्री. शो पण तेच. आम्ही दुसऱ्या वेळेला शो सोडून दिले आणि रात्री डेकवर बसलो, मला तेच जास्त आवडलं.

मंगळवार_पेठ_अकौंट्स
पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, बाकीचं वरच्यांनी छान सांगितलंय. पहिल्या ट्रिपचं बिल पहिल्या ट्रिपच्या शेवटी पूर्ण बंद होतं आणि दुसऱ्याचं शून्यापासून चालू होतं. तुम्हाला बुकिंगबरोबर जहाजावर खर्चायला काही क्रेडिट मिळालं असेल तर ते ज्या ट्रिपचं आहे त्याच ट्रिपमधे संपवायचं, पुढं नेता येत नाही, शेवटच्या रात्री दुकानात जाऊन काहीतरी घ्या नाहीतर गेलं. वायफायचं पॅकेज, पेयांचं पॅकेज, सगळं पहिल्या ट्रिपबरोबर संपतं आणि परत घ्यावं लागतं. टिप म्हणजे सर्व्हिस चार्ज हा दर माणशी दर रात्री लागतो, दोन्ही बुकिंगवर वेगळा, तेव्हा तिघांचा सात रात्रींचा हिशोब आधीच काढून ठेवा म्हणजे बिल बघून दचकायला होत नाही.
कार्डाचं लक्षात ठेवा. चढताना क्रेडिट कार्ड लावतात तेव्हा ते काही रक्कम अडकवून ठेवतात, ती ट्रिप संपल्यावर लगेच सुटत नाही, काही दिवस जातात. दुसऱ्या ट्रिपला परत तेवढी अडकणार. म्हणजे लिमिट कमी असेल तर दुसऱ्या वेळी कार्ड नाकारलं जाऊ शकतं. आमच्या एका क्लाएंटचं असंच झालं होतं, फोरेक्स कार्डावर पैसे होते पण दोन्ही वेळचे अडकून बसले आणि सिंगापुरात हातात काही उरलं नाही. दोन कार्डं न्या, पहिल्याला एक आणि दुसऱ्याला दुसरं लावा, आणि बँकेच्या ॲपमधे परदेशातला वापर चालू करून ठेवा.
ट्रॅव्हल इन्शुरन्स मात्र एकच काढा, घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतच्या तारखांचा. आणि सासूबाईंना आधीपासून शुगर आहे हे फॉर्मवर लिहाच, लपवू नका.
अजून एक, बुकिंगला अजून वेळ असेल तर एजंटला विचारा की हीच ७ रात्रींची एकत्र म्हणून विकतात का. काही कंपन्या तोच मार्ग तुकड्यात पण विकतात आणि अख्खा पण. अख्खा घेतला तर बुकिंग एक, खोली एक, बिल एक.

राजारामपुरी_११वी_गल्ली
किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, आज मिस्टरांना समोर बसवून वाचून दाखवलं. एजंटला ७ रात्रींचं विचारलं, ते आता होत नाही म्हणाला, खोली पण एकसारखी शिल्लक नाही, तर ८ वरून १० ठरलं. व्हिसा मल्टिपल आहे, बघितला.
दोन प्रश्न राहिले. एक, ते लाइफ जॅकेटचं ड्रिल असतं ते एकदा झालं की पुरे ना, का दुसऱ्या ट्रिपला परत? सासूबाईंना सारखं वरखाली नको म्हणून विचारतेय. दुसरं म्हणजे त्यांना मशेरीची सवय आहे, ४० वर्षांची, डबी बरोबर घेतली तर चालेल का?

गडहिंग्लजकर
ताई, ड्रिल परत करायचंच. हे कुणी कितीही सांगितलं की तुमचं एकदा झालंय तर परत कशाला, तरी ऐकू नका. कारण सांगतो. २०१२ च्या १३ जानेवारीला इटलीत कोस्टा कॉनकॉर्डिया जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटलं, ३२ माणसं गेली. ते जहाज एका बंदरात रिकामं होणारं नव्हतं, वेगवेगळ्या बंदरात लोक चढायचे आणि उतरायचे, आणि त्याच दिवशी चढलेल्या शेकडो लोकांचं ड्रिल दुसऱ्या दिवशी ठेवलं होतं, कारण तेव्हा चढल्यापासून २४ तासाच्या आत केलं तरी नियमात बसायचं. ते २४ तास उजाडलेच नाहीत. त्यानंतर नियम बदलला, २०१५ पासून जहाज सुटायच्या आधी किंवा सुटता सुटताच ड्रिल झालं पाहिजे. मी ज्या वर्षी जहाजावर गेलो तेव्हा आमच्या ट्रेनिंगमधे हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि सांगणारा ऑफिसर स्वतः इटलीचा होता, सांगताना त्याचा आवाज बदलला होता. ते अजून माझ्या कानात आहे.
आणि तुमच्या बाबतीत तर अजून एक कारण आहे. संकटाच्या वेळी कुठं जमायचं ती जागा खोलीवर ठरते. ८ व्या मजल्यावरच्या खोलीची जागा वेगळी असेल आणि १० व्या मजल्याची वेगळी. पहिल्या ट्रिपची जागा डोक्यात बसलेली असते आणि गडबडीत पाय तिकडंच वळतात. खोली उघडायच्या नवीन कार्डावर त्या जागेचं अक्षर छापलेलं असतं, ते तिघांनी एकदा वाचून एकमेकाला सांगा. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा सासूबाईंना पण सांगून ठेवा. आता बऱ्याच जहाजांवर ते सोपं केलंय, टीव्हीवर किंवा मोबाइलवर व्हिडिओ बघायचा आणि मग आपल्या जागेवर जाऊन नुसतं कार्ड दाखवून यायचं, पाच मिनिटाचं काम. दुपारी लवकर उरकून टाका, शेवटच्या तासात लिफ्टला गर्दी होते.
चालायचं जमत नाही हे कंपनीला आत्ताच कळवा, दोन्ही बुकिंगवर वेगवेगळं. एका बुकिंगवर लिहिलं म्हणजे दुसऱ्यावर आपोआप जात नाही. व्हीलचेअर आणि धरायला माणूस मधल्या दिवशी खाली न्यायला आणि वर आणायला पण लागणार आहे ते स्पष्ट लिहा.

शाहूपुरीची_सून
मशेरी अजिबात नेऊ नका ताई. सिंगापुरात तंबाखू खायची, लावायची कुठलीच वस्तू आत न्यायला बंदी आहे, गुटखा, खैनी, सगळं. आणि तुम्ही एकदा नाही तीनदा तिथल्या कस्टममधून जाणार. माझ्या मावशीला पण सवय आहे, तिला आम्ही जायच्या महिनाभर आधीपासून भाजलेली बडीशेप आणि लवंग सुरू केली, पहिले आठ दिवस चिडचिड झाली फार, मग बसली. आत्तापासून करा.
आणि छोटी इस्त्री, पाणी तापवायची किटली, एक्स्टेन्शन बोर्ड हे बॅगेतून काढून ठेवतात, आग लागू नये म्हणून. गरम पाणी बुफेत चोवीस तास असतं, थर्मास न्या. व्हेज आणि जैन जेवण आम्हाला मिळालं पण ते बुकिंगवर आधी लिहायला लागतं, ते सुद्धा दोन्ही बुकिंगवर. आमचं पहिल्यावर होतं आणि दुसऱ्यावर नव्हतं, पहिल्या रात्री वेटरला परत सगळं सांगावं लागलं.

युरोपला_गेलेला
थोडं वेगळं सांगतो, भूमध्य समुद्रातल्या बऱ्याच क्रूझ बार्सिलोनाला पण लोक घेतात आणि रोमजवळच्या चिव्हिताव्हेक्कियाला पण. तिथं जहाज कधी रिकामं होतच नाही, त्यामुळं मधला दिवस कळत पण नाही, नुसतं कार्ड बदलून आणायचं. पण शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो, मल्टिपल एंट्रीचा घ्या, कारण मधे तुर्कस्तान किंवा इंग्लंड आलं की तुम्ही शेंगेनच्या बाहेर जाऊन परत आत येता. बाकी मधल्या दिवशी सिंगापुरात मोकळा वेळ मिळाला तर बाहेर जरूर पडा, मरिना बेच्या क्रूझ टर्मिनलपासून मरिना साउथ पिअरचं मेट्रो स्टेशन जवळच आहे. फक्त परत चढायची वेळ कागदावर लिहून घ्या, आणि मधल्या बंदरात थायलंड असेल तर तिथलं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागं असतं, जहाजाची वेळ कुठली ते विचारा.

राजारामपुरी_११वी_गल्ली
मंडळी, आम्ही जाऊन आलो. परवा पहाटे कोल्हापूर स्टेशनला उतरलो. तुम्ही एवढं लिहिलंत म्हणून मधला दिवस कसा गेला ते सांगायलाच पाहिजे.
पत्र आलं होतं, तिसऱ्या दिवशी दुपारी, दाराखालून सरकवलेलं. त्यात लाउंजचं नाव आणि वेळ ९.१५. आदल्या रात्री मिस्टर बॅग बाहेर ठेवायला निघालेच होते, मी म्हटलं थांबा, शाहूपुरीच्या ताईंची निळी बॅग आठवा! अरायव्हल कार्ड मी पिनांगला उतरल्यावर एका चहाच्या दुकानात बसून तिघांचं भरलं, वीस मिनिटं लागली. कपडे हँगरवर तसेच सोडले, मन मानत नव्हतं, साड्या कुणी परक्या माणसानं हाताळायच्या म्हणून, पण सोडले.
सकाळी व्हीलचेअर घेऊन एक मुलगा बरोबर ९ ला आला, दोन्ही बुकिंगवर लिहिल्याचा उपयोग झाला. आम्ही साधारण पन्नास जण होतो. सासूबाईंना सगळ्यात पुढं घेतलं. खाली इमिग्रेशनला त्यांच्या बोटांचे ठसे उमटेनात, भाकऱ्या थापून थापून बोटं गुळगुळीत झालीत, तिथल्या बाईनं शांतपणे ओला रुमाल दिला, पुसून परत लावायला सांगितलं, तिसऱ्या वेळी उमटले. मग हॉलमधे बसलो अर्धा तास आणि नवीन कार्डं हातात आली. वेगळा रंग आणि वेगळं अक्षर, पहिल्यांदा बी होतं आता डी. तिथंच तिघांनी वाचून घेतलं.
इन्सुलिन पर्समधेच होतं, बर्फाच्या थैलीत. मेडिकल फ्रिज पहिल्या खोलीतला होता तो नवीन खोलीत आलाच नव्हता, म्हणजे सांगून ठेवलं होतं तरी राहिलं. फोन केला, पावणेतीनला आणून लावला. पर्समधे नसतं तर काय झालं असतं हा विचार मी अजून करते. गडहिंग्लजच्या दादा, तुमच्या त्या आजींची गोष्ट वाचली म्हणून माझं लक्ष त्या डब्यावरून हटलं नाही, तुमचे उपकार आहेत.
११ वाजता वर आलो तर अख्खं जहाज रिकामं. रोज जिथं खुर्ची मिळत नव्हती त्या डेकवर एक माणूस नाही, एक मुलगा कठडा पुसत होता तेवढाच. सासूबाईंना सावलीत खुर्चीवर बसवलं, थर्मासमधला चहा दिला. खाली धक्क्यावर फोर्कलिफ्टवरून कांद्याची पोती चढत होती, जाळीच्या लाल पोत्यातली, आणि त्या वाकून वाकून मोजत होत्या. म्हणाल्या, एवढा कांदा तर आपल्या मार्केट यार्डात एका गाळ्यावर पण नसतोय गं, चिरतंय कोण हे? तासभर त्या तिथून हलल्या नाहीत. मिस्टर तेवढ्यात मेट्रोनं जाऊन औषधाच्या दुकानातून गुडघ्याचा पट्टा घेऊन आले.
दीडला १० व्या मजल्यावरची खोली मिळाली. कपाट उघडलं तर साड्या अगदी मी लावल्या होत्या त्याच क्रमानं, आणि एका हँगरवर माझा सुटलेला काचेचा मणी कागदात गुंडाळून दोऱ्यानं बांधून ठेवलेला. जुन्या खोलीच्या मुलाला आदल्या रात्रीच पाकीट दिलं होतं, म्हणून दुपारी परत ८ व्या मजल्यावर गेले, नुसतं सांगायला की मणी मिळाला. तो दोन्ही हातात उश्या घेऊन पळत होता, थांबला, हसला, नमस्ते आंटी म्हणाला आणि पुढच्या खोलीत शिरला.